डुगडुगती खुर्ची आणि क्षेत्ररक्षणाचा कप

परभणी, रविवार, १८ जानेवारी १९८७

बेसबॉलच्या अंतिम सामन्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं आणि तीन पायांवर टेकणारी खुर्ची दिली. चौथा पाय नावापुरता. विनोदी लेखकाची समाजातली जागा इतकी नेमकी आजवर कुणी दाखवली नव्हती. दोन तास डुगडुगत बसलो.

उत्कृष्ट क्षेत्ररक्षक मीच निवडायचा होता. ज्याची पँट सर्वांत मळली होती, त्याला कप दिला. चारदा पालथा पडला, टाळ्याही त्यालाच. निघताना गुण लिहिणारे गुरुजी हळूच म्हणाले, "साहेब, तुमच्यापुढं पिंगळीचा दत्ता हुता. चेंडूच्या आधीच तिथं जाऊन उभा. मग पडंल कशाला? तुमच्या खुर्चीपर्यंत एक तरी चेंडू आला का?"

नाही आला. खुर्ची मैदानाच्या अगदी कडेला, तरी एकदाही उठावं लागलं नाही. डोकं शाबूत घेऊन घरी आलो ते त्याच्यामुळं. हे मला दिसू नये? आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या आंधळेपणावर लिहितो...

चहा घेऊन लगेच रिक्षानं पिंगळी गाठली. दत्ता शेतावर गेलेला. त्याच्या आईनं कपासाठी कोनाडा सारवून ठेवला होता. रिकामाच. सामन्यात मला मिळालेली सत्काराची शाल तिच्या हातात दिली.

"ही कशापायी, साहेब? त्याला तर काईच भेटलं न्हाई म्हनला."

"दोन तास त्यानं मला खुर्चीतून उठू दिलं नाही. त्याचीच आहे ती."

तिला काही उलगडलं नसावं. पण शाल तिनं घडी न मोडता कोनाड्यात ठेवली.