लिलावातली नजर

बाबा, तुम्ही गेल्यानंतर इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल काही विचारावं असं घरात कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. आज एका व्यापाऱ्याने चहा मागवला आणि मी तो तसाच निवू दिला. लिलावाच्या आधी चहा पाजणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतं, हे तुमचंच. सक्करदऱ्याच्या आपल्या भंगाराच्या दुकानात विश्वास कशावरच नव्हता. पितळ म्हणून कोणी काही आणलं की तुम्ही आधी लोहचुंबक लावायचात. चिकटलं की आत लोखंड. शेजारी प्रसाद घेऊन आला तरी हा आज काहून आला, असं तुमच्या कपाळावर दिसायचं.

भिवापूरकडच्या त्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला लिलाव मला अजून दिसतो. कोपऱ्यात काळा रंग थापलेला जुना पंप पडला आहे. सगळ्यांना तो लोखंडाचा वाटतो, बोलीही लोखंडाच्याच भावाने लागणार. तुम्ही जाता जाता किल्लीने हळूच खरवडता, खाली पितळ चमकतं. मग तुम्ही पंपाकडे पाठ करून गंजक्या पत्र्यांचं कौतुक करत बसता, कारण तिथं कोणी माल पाहत नाही, सगळे एकमेकांचे डोळे पाहतात. मी मात्र हरखून पंपाला हात लावते. "काहून हात लावला वं? सारे आपल्याकडे पाहून राहिले!" तुम्ही दात आवळून म्हणता, आणि लगेच सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोड तो. नुसतं वजन हाय, दम नाही." पंप आपल्यालाच मिळाला. ट्रकमध्ये तुम्ही घरापर्यंत गुणगुणत होतात.

पुढे तुमची छाती दुखायला लागली, तेव्हा मोठे काका आपल्या मुलाला घेऊन आले. बाबा, मला ते दुकान हवं होतं, सांगून येणाऱ्या कुठल्याही स्थळापेक्षा जास्त हवं होतं. काकांनी विचारलं, "पोरगी सांभाळन का गा दुकान?" तुम्ही त्यांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, तोंडभर कौतुक केलं आणि खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "हिचं काय. नुसतं वजन हाय, दम नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. काकांचा मुलगा दुकानात बसला, पण त्याला लोखंडाची धूळ सोसली नाही, तो नोकरीला लागला, आणि दुकान माझ्याकडे राहिलं. कोणी दिलं नाही, राहिलं.

बऱ्याच वर्षांनी एका लिलावात मनात भरलेल्या मालाबद्दल माझ्याच तोंडून तुमचं ते वाक्य निघालं आणि मी जागच्या जागी थबकले. तुम्हाला दुकान मलाच द्यायचं होतं का? काकांना कळलं असतं तर त्यांनी आडकाठी घातली असती, म्हणून खिडकीबाहेर पाहिलंत? की खरंच मला कमी लेखलंत? कारण टाकाऊ मालालाही तुम्ही तेच म्हणायचात. माणसांना लावायचा लोहचुंबक मात्र तुम्ही मला दिला नाहीत. या बाबतीत तुमच्यावर विश्वास ठेवायची माझी अजून छाती होत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, टेबलाच्या खणात राहील. तुमचा फोटो इथं समोरच्या भिंतीवर आहे. लिहायला बसल्यापासून मी त्याच्याकडे एकदाही पाहिलेलं नाही.