चुकल्याचा एक गुण

प्रिय टॉम सर,

तुम्ही वारलात, त्याला चार महिने झाले. मी रडले नाही, कारण आपलं भांडण मिटायचं राहिलं होतं. काल ऑस्ट्रेलियाहून तुमच्या बहिणीचं पत्र आलं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

ब्रह्मपुरीच्या शाळेत तुम्ही बारा वर्षं गणित शिकवलंत आणि मुख्याध्यापिका म्हणून मी तुमच्यावर नजर ठेवली. ठेवायलाच हवी होती. उत्तर चुकलं, तरी रीत बरोबर दिसली की तुम्ही एक गुण देत होता. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला शिकवलं होतं, चूक म्हणजे शून्य.

मी जाब विचारला. तुम्ही मुलांकडून उचललेल्या बोलीत म्हणालात, "बाई, आमच्या ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉलात असंच रायते. मधल्या दोन उंच खांबांतून बॉल गेला तर सहा गुण. बाजूच्या ठेंगण्या खांबाकडून गेला तर चुकला, पन एक भेटते."

"आणि तुमचा बॉल लंबगोल, खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर चढतात, हेही खरंच?"

"खरंच हाय ना बाई."

इतक्या सरळ चेहऱ्याने थापा मारणारा माणूस मी पाहिला नव्हता. तुम्ही कधी फुटबॉल खेळला असाल, यावर माझा विश्वास बसला नाही. तो खेळ तुम्ही रचलात असंच मी धरून चालले. कशासाठी? तुमच्या वर्गातल्या, पोंभुर्ण्याकडच्या मैनाचा बाप परीक्षेच्या आदल्या दिवशी कोंबडी घेऊन तुमच्या अंगणात उभा नव्हता का?

मैनाला पस्तीस गुण पडले, तुमचा तो एक धरून. मी लाल शाईने तो खोडला. चौतीस. नापास.

"लय जवळ गेली होती ना बाई, पोरगी," एवढंच म्हणालात. भांडला का नाहीत? बाप तिला घरी घेऊन गेला, ती पुन्हा शाळेत आली नाही.

बहिणीने वर्तमानपत्राचं जुनं कात्रण पाठवलंय. खेळ खरा निघाला. तुमची कारकीर्दही खरी, पण एका हंगामाची. मग गुडघा गेला. सहा गुणांचा एकही गोल नाही. मात्र तुमचा शेवटचा सामना तुमच्या संघाने एका गुणाने जिंकला, आणि बाजूच्या खांबाकडून गेलेला तो शेवटचा फटका तुमचा होता.

हे मला सांगितलं का नाहीत? मी मानलं नसतं, हे ठाऊक होतं म्हणून?

कोंबडीबद्दलचा माझा संशय अजून गेलेला नाही. पण मैनाची गणितं काही कोंबडीने सोडवली नव्हती.

तिची उत्तरपत्रिका माझ्या ट्रंकेत आहे. तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपली होती. आज चौतीस खोडून त्याच लाल शाईने पस्तीस लिहिलं, खाली सही केली. सोमवारच्या मोटारीने पोंभुर्ण्याला जाईन. मैना भेटेपर्यंत परतणार नाही. पेपर तिच्या हातात देईन आणि चूक माझी होती, हे तिच्या बापासमोर सांगेन.

कोंबडीचंही त्याला विचारून घेईन.

तुमच्यावर अजून नजर ठेवून असलेली,
मोठ्या बाई