उशाशी टांगलेला शर्ट

माय, पोळा होऊन आज बारा दिवस झाले आणि मला अजून शिंक आलेली नाही.

तुला खरं वाटणार नाही म्हणून वहीत बघून लिहितोय. तू गेल्यावर मी एक वही केली. दरवर्षी पहिली शिंक कधी आली ते तीत लिहितो. बहुतेक वेळा पोळ्याच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी. एका वर्षी पाऊस लांबला होता, तेव्हा नवव्या दिवशी. बारावा दिवस असा कोरा कधीच गेला नाही. त्यामुळे मला बरं वाटायच्या ऐवजी धाकधूक होते. पहाटे जाग येते तरी मी डोळे उघडत नाही. नाकाच्या मुळाशी ती नेहमीची मुंगी चालायला लागते का, ते बघत पडून राहतो. आता आम्ही गेवराईत राहतो. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज खोलीत येतो तोपर्यंत पाण्यासारखा मऊ झालेला असतो. मुंगी येत नाही. उजाडतं. मी उठतो आणि वहीत काहीच न लिहिता ती मिटून ठेवतो.

डोळे मिटलेले असले की मी आपल्या गावी, तलवाड्यातच असतो. पांदीच्या दोन्ही अंगांनी ते पांढऱ्या फुलांचं काँग्रेस गवत छातीएवढं वाढलेलं आहे. संध्याकाळच्या उजेडात ते इतकं चांगलं दिसतं की त्याचा राग येत नाही. त्यातून तू येतेस. डोक्याला फडकं, हातात खुरपं, आणि लुगड्यावरून घातलेला बापूंचा जुना शर्ट. निळ्या चौकड्यांचा, लांब बाह्यांचा, मनगटाची बटणं लावलेली. खुरपायला जाणाऱ्या सगळ्याच बायका असा नवऱ्याचा शर्ट घालतात, ऊन लागू नये आणि गवतानं हात खाजू नयेत म्हणून. पण लहानपणी मला वाटायचं, असा शर्ट एकट्या तुलाच आहे. त्याच्या खिशात माझा वाटा असायचा. मुगाच्या चार शेंगा, कधी एवढंसं वाळूक, चैत्रात चिंचेचा कोवळा पाला. तू दारातूनच ओरडायचीस, “कुठं हाय माझा शिंक्या?” आणि मी पळत येऊन त्या शर्टात तोंड घालायचो. मिश्री, चुलीचा धूर, काळी माती आणि त्या गवताचा कडवट वास. मग तू शर्ट काढून माझ्या उशाच्या खुंटीला टांगायचीस. घरात तेवढी एकच खुंटी धड होती.

पहाटे शिंका सुरू व्हायच्या. तू चुलीपाशी बसून मोजायचीस. “अकरा... बारा... आरं पुरं कर की लेका, कोंबड्यानं आरवायचं सोडून दिलं तुझ्यापायी.” बापू कूस बदलून म्हणायचे, “त्याचं नाक हाय का मळणीचं मशीन?” मी हसायचो आणि हसताना आणखी दोन शिंका यायच्या. तुझं ठाम मत होतं की हे सगळं वाऱ्यामुळे होतं. म्हणून रात्री निजायच्या आधी खुंटीवरचा तो शर्ट काढून तू माझ्या डोक्याला गुंडाळायचीस, दोन्ही कान झाकून, बाह्यांची हनुवटीखाली गाठ मारून. “कानातनं वारं शिरतंय,” म्हणायचीस. “बघ, आता न्हाई शिरायचं.”

तू काय काय केलंस ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे विसरणार नाही. तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी नाकाशी धरायचीस. पुरचुंडी ऊन असेपर्यंत नाक मोकळं राहायचं, गार झाली की पुन्हा बंद. करंगळीला गाईचं तूप लावून नाकात फिरवायचीस, त्यानं आतली आग कमी व्हायची, पण शिंका नाही. निखाऱ्यावर हळद टाकून धुरी दिलीस तेव्हा तर आपण दोघंही खोकत अंगणात पळालो आणि तू डोळे पुसत म्हणालीस, “हे आवशद हाय का भूत उतरवायचं?” निर्गुडीचा पाला, आल्याचा काढा, कुणी सांगितलं म्हणून महिनाभर दही बंद. यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं, असं मला आता वाटतं. प्रत्येकानं थोडा थोडा वेळ दिला. पण सगळं उरकलं की तू पुन्हा खुंटीकडे हात करायचीस.

मग मी आठवीत असताना, पोळ्याच्या संध्याकाळी बैल देवळाला फेरी घालून परतले तेव्हा, तू देवीसमोर हात जोडून मोठ्यानं म्हणालीस, “माझ्या लेकाच्या शिंका थांबोस्तोवर मी च्या पिणार न्हाई.” बापू म्हणाले, “आगं, दुसरं कायतरी सोड. कारलं सोड.” सगळे हसले. तू हसली नाहीस. चहाशिवाय तुझा दिवस उजाडत नव्हता, हे गावाला माहीत होतं. गुळाचा, काळाभोर, बशीत ओतून, डोळे मिटून प्यायचीस. त्या तेवढ्या वेळात तुला कुणी हाक मारलेली चालायची नाही. तुला एवढी शांत मी दुसऱ्या कशात पाहिली नाही. त्यानंतर शेतात दहाच्या सुमाराला किटली आली की तू बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचीस. एकदा मी भाकरी घेऊन आलतो तेव्हा बायका तुला चिडवत होत्या. “पी गं बाई, लेकराच्या नाकाला काय कळतंय तू काय पिली ते!” तू म्हणालीस, “नाकाला न्हाई कळत, देवीला कळतंय. तुमी प्या.” आणि तांब्यातलं पाणी प्यायलीस, तेही डोळे मिटून.

असा आणखी एक पोळा गेला. नववीच्या माघात तुला कावीळ झाली. बीडच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं थर्मासमधून चहा ओतला आणि तुलाही विचारलं. त्याचा वास आला तशी तू मान वळवलीस. मला जवळ बोलावून म्हणालीस, “शिंका थांबल्या का रं?” थंडीत मला शिंका नसायच्याच. मी म्हणालो, “थांबल्या माय. घे, घोटभर घे.” तू माझ्या नाकाकडे बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, आता हात पुढे करशील. पण तू म्हणालीस, “पोळ्यापस्तोर बघू.”

पोळा तुला दिसला नाही. शाळा मी त्याच वर्षी सोडली. गेवराईत एक पेंटर होते, दुकानांच्या पाट्या, शटर आणि ट्रॉल्यांवर नावं लिहायचे. त्यांच्याकडे राहिलो. उस्ताद म्हणायचो त्यांना. माझं अक्षर आणि शुद्धलेखन बघून त्यांनी ठेवून घेतलं आणि नाकावरून दररोज बोलणी ऐकवली. रेघ ओढताना शिंक आली की रेघ उडते. एका किराणा दुकानाच्या पाटीवर मी वेलांटी ओढत होतो, ती शिंकेसरशी पाटीच्या कडेबाहेर गेली. उस्ताद खालून म्हणाले, “अबे, ही वेलांटी हाय का नागोबा? शिंकायचं आसंल तर आधी शिडीवरून उतर, मंग शिंक.” पण त्यांनीच मला ओला गमछा नाकावर बांधायला शिकवलं आणि पोळा जवळ आला की विचारायचे, “तुझ्या नाकात पंचांग हाय. काय म्हणतंय?” त्यांनाही जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची शिडी माझ्याकडे आहे.

इथपर्यंतचं बरंचसं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते लिहायला बसलो होतो, आणि दुसरंच लिहीत राहिलो.

तू चहा सोडलास, त्यानंतर तीन आठवड्यांनी मी एकटाच दवाखान्यात गेलतो. तुला आठवत असेल. तू खुरपायला गेली होतीस आणि डॉक्टर आले नव्हते. म्हातारा कंपाउंडर होता. त्यानं माझे डोळे बघितले, नाक बघितलं आणि विचारलं, “घरातलं कोण शेतात जातंय?” मी म्हणालो, “माय.” “आल्यावर कपडे कुठं टांगती?” “माझ्या उशाला. रात्री कानात वारं शिरू नाही म्हणून त्योच शर्ट कानाला बांधती.” तो आधी हसला. मग हसायचं थांबला. म्हणाला, “आरं, त्या पांढऱ्या फुलाची भुकटी बसती कपड्यात. रातभर तीच वढतूस तू नाकात. शर्ट भायेर टांगायला सांग, रोज धुवायला सांग. निजायच्या आधी डोस्कं धू, कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धू. मंग ह्या गोळ्या लागतील न्हाईतर लागणार बी न्हाईत. सांगशील न मायला?” मी म्हणालो, “सांगतो.”

संध्याकाळी तू विचारलंस, “काय म्हणला डाक्टर?”

“गोळ्या दिल्या.”

“आन काय म्हणला?”

“काय न्हाई.”

माय, मी विसरलो नव्हतो. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो असंही नाही. ते मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं आहे की तेव्हा मला मिसरूड फुटायला लागलं होतं. दिवसा तुझ्याजवळ बसायची लाज वाटायची. तू पदरानं माझं तोंड पुसलंस तर पोरं हसायची. मी शर्टात तोंड घालायचं केव्हाच सोडून दिलं होतं. रात्री दिवा मालवल्यावर तू कान बांधायचीस, बाह्यांची गाठ मारताना तुझी खरखरीत बोटं हनुवटीला लागायची, तेवढंच उरलं होतं. सांगितलं असतं तर शर्ट बाहेर गेला असता. मी मनात हिशेब केला आणि शिंका ठेवून घेतल्या. त्या हिशेबात तुझा चहा आहे, हे माझ्या लक्षात होतं. रोज दहा वाजता लक्षात होतं.

तू गेल्यावर बापूंनी तुझे कपडे वाटून टाकले. तो शर्ट मी दिला नाही. न धुता उशीच्या खोळीत घातला आणि त्यावरच झोपत आलो. शिंका पोळ्यानंतर महिनाभरात थांबायच्या, त्या हळूहळू पार संक्रांतीपर्यंत यायला लागल्या. लग्न झाल्यावर बायकोनं पहिल्याच आठवड्यात खोळ धुवायला काढली आणि शर्ट हातात धरून विचारलं, “ह्यो कावून हितं?” मी सांगितलं. तिनं घडी घातली, माझ्या हातात दिला आणि खोळ तेवढी धुतली. पुन्हा कधी विचारलं नाही.

तुला नात आहे, अडीच वर्षांची. गेल्या साली पोळ्यानंतर ती तळहातानं नाक वरती चोळायला लागली. एका रात्री वारं सुटलं होतं. मी उशीतून शर्ट काढला आणि तिच्या कानांना बांधला. गाठ मारताना माझ्या तोंडून आलं, “वारं शिरतंय कानातनं.” आवाज तुझाच होता. मला इतकं छान वाटलं की मी तसाच तिच्याकडे बघत झोपी गेलो. पहाटे ती शिंकायला लागली. बायको गॅसपाशी उभी राहून हसत मोजत होती, “पाच... सहा... आगं बया, सात!” मी उठून बसलो. मला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून मी ते तिच्या डोक्याला बांधलं होतं.

त्याच दिवशी शर्ट ट्रंकेत गेला. पण धुवायला आषाढ उजाडला. बायको म्हणाली, “मी धुऊ का?” मी म्हणालो, “न्हाई, मीच धुतो.” गरम पाण्यात तीन वेळा धुतला. पहिलं पाणी आपल्या रानातल्या ओढ्यासारखं गढूळ निघालं. पोरगी त्यात हात घालून खेळायला निघाली, तिला बायकोनं उचलून नेलं. खिशाच्या शिवणीतून मुगाच्या शेंगेचं एक टरफल निघालं, कागदासारखं पातळ. ते पाण्यात जरा वेळ तरंगलं आणि मी बघत असतानाच मोरीत गेलं. दुसऱ्या पाण्याला रंग कमी होता. तिसरं स्वच्छ होतं. दोरीवर वाळत घातला तेव्हा कळलं, किती लहान शर्ट आहे. मला तो दंडातही बसणार नाही.

आता मी कामावरून आलो की बाहेरच कपडे बदलतो, डोकं धुतो, मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुतो. रंगवताना ओला गमछा असतोच. पोळ्याच्या आधीपासून डॉक्टरनं लिहून दिलेली एक गोळी रात्री घेतो. पोरगीसुद्धा चांगली आहे, नाक फक्त एकदाच वाहिलं. सगळं कंपाउंडरनं सांगितलं होतं तेवढंच आहे, माय. चौदा वर्षांपूर्वी सांगितलेलं. पोळा झाला, तू म्हणाली होतीस तसं बघून झालं. मी गुळाचा चहा केला, बशीत ओतला आणि तो गार होईपर्यंत कुणालाही हाक मारू दिली नाही.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. वहीतच राहील, पहिल्या शिंकेच्या कोऱ्या जागी. एक मात्र सांगतो. आज पहाटे सगळे झोपलेले असताना मी ट्रंक उघडली, तो शर्ट काढला आणि त्यात नाक खुपसून बसलो. एक तरी यावी म्हणून. आली नाही. नुसता साबणाचा वास आला.