व्याह्यांना घेऊन दरीत

प्रिय डीलिया,

तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना मी काल ओढ्यात ढकललं नाही, हे आधीच लिहून टाकते. क्लेटनच्या कानावर त्याच्या बाबांकडून काय काय जाईल, नेम नाही.

पक्षी दाखवायला काल जो गट दरीत नेला, त्यात व्हर्लिन आणि त्यांची बायको नादीनबाई, असे दोघेही होते. बाकी फीनिक्सची निवृत्त मंडळी. निघताना मी नेहमीचंच सांगितलं: हळू बोला, पाण्यात पाय जपून टाका, आणि फोनवर पक्ष्यांचे आवाज अजिबात वाजवू नका, विणीचे दिवस आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या, व्हर्लिननी सगळ्यांत जोरात. मग पहिल्या वळणापर्यंत मला त्यांच्या नव्या दुर्बिणीचं कौतुक ऐकावं लागलं. एका गिधाडाला त्यांनी गरुड ठरवलं. मी चूक सांगितली तर म्हणाले, “विहीणबाई, तुमच्याकडची गिधाडंसुद्धा काय रुबाबात असतात हो!” सगळे हसले. मीही हसले, तुझ्याखातर.

पुढे कॉटनवूडच्या उंच झाडावर काळ्या बाजाचं घरटं आहे. मादी अंड्यांवर बसलेली, नुसती शेपटी दिसत होती. मी सगळ्यांना लांबच थांबवलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून बाजाची किंकाळी! मादी घरटं सोडून आमच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली आणि कड्यावरचा डोमकावळा लगेच घरट्याकडे झेपावला. वळून बघते, तर व्हर्लिनच्या हातात फोन. मी तो हिसकावूनच घेतला. “अहो, अंडी जातील तिची! एवढं सांगून कळत नाही?” तर माझ्यावरच ओरडले, “नुसती शेपटी बघायला आलोय का आम्ही?” मी सगळ्यांना खडकाआड नेऊन बसवलं. शेवटी मादीने कावळ्याला पिटाळलं आणि ती पुन्हा अंड्यांवर बसली. व्हर्लिनकडे मी बघितलंच नाही.

परतताना ओढ्याच्या पाण्यातून नादीनबाई माझ्या शेजारून चालायला लागल्या. नवऱ्याला सावरून घेत म्हणाल्या, “मनावर घेऊ नका हो. हल्ली त्यांचं असंच चाललंय, सगळं आत्ताच्या आत्ता बघायचंय. क्लेटन-डीलिया अलास्काला राहायला गेले की इकडे आपलं येणं कसलं व्हायचं, असं धरून बसलेत.” मी म्हटलं, “हो ना.” डीलिया, मी खरंच ‘हो ना’ म्हटलं, जसं काही मला माहीतच होतं. मग त्या तिकडच्या घराबद्दल बोलत राहिल्या आणि मी मान हलवत राहिले. त्यानंतर लोकांना कुठले पक्षी दाखवले, मला आठवत नाही.

व्हर्लिनची तक्रार करायला म्हणून कागद पुढे ओढला होता. लिहिता लिहिता कळलं, त्यांच्यावरचा राग कालच निवला होता. तुला जायचंय तर जा गं, मी आडवी येणार नाही. पण पोरगी इतकी लांब चाललीय हे मला ओढ्यातून चालता चालता विहिणीच्या तोंडून कळावं? मी रडेन, अशी भीती वाटली का तुला? रडेनच, मग काय झालं? येत्या रविवारी मी कुणालाही दरीत नेणार नाहीये. तू ये. फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग, अजून कुणालाच सांगितलं नसल्यासारखं. मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकेन.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
आई