रहाटाच्या टोकावर सांगितलेलं वजन

चिकलठाणा, शेडातून

तीर्थरूप बद्रीदादास,
धाकट्या द्वारकीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, वैनीची धाप कमी झाली का, म्हैस व्याली का, हे सगळं विचारलं असं समज अन् उत्तर सावकाश दे. माझं अक्षर चौथीच्या पुढं गेलं नाय, सांभाळून घे.

गंगापूरच्या आप्पासाहेबांचा जुना रहाटपाळणा आमच्या शेडात नवा व्हायला आला व्हता. (नवा म्हंजे पाळणे जुनेच, रंग नवा, बेरिंग नवं अन् ह्यांचं वेल्डिंग.) त्याच आप्पासाहेबांच्या पोराला आपली मंजी दाखवायची व्हती. ह्यांनी डोकं चालवलं, की एकाच दिवशी दोन्ही उरकू, पाव्हणे पोरगी बी बघतील अन् रहाट बी. पोरगी पसंत पडली. पण आप्पासाहेब म्हणले, जत्रेआधी रहाट हातात आला तर कुंकू लावू, नायतर पुढच्या साली बघू. माणूस चांगला आहे, फक्त धंदा अन् सोयरीक एकाच पिशवीत टाकतो.

आता धंद्याची रीत अशी, की पहिल्या फेरीला बनवणाऱ्याच्या घरचं माणूस बसतं. म्हणून मी बसले. तर पोराची आई भागूबाई म्हणली, रहाट आमचा, मी बी बसते. बसली समोर. आम्ही दोघी पार टोकाला गेलो अन् लाईट गेली. ती संध्याकाळपर्यंत येणार नाय असं खालून कळलं. वर वारा असा, की पाळणा कुरकुरायला लागला. भागूबाईनं आधी देवाचं नाव घेतलं, मग माझा दंड धरला, मग डोळे मिटून म्हणली, “मला उलटी येती.”

रहाट हातानं फिरवून उतरवता येतो, नाय असं नाय. पण वर जेवढं वजन, तेवढी वाळूची पोती तळाच्या पाळण्यात ठेवावी लागतात. पोती कमी पडली, तर ब्रेक सोडल्याबरोबर वरचं माणूस धाडदिशी खाली येतं. म्हणून हे खालून वरडले, “दोघींचं वजन सांगा. खरं सांगा.”

सगळे पाव्हणे, नवरदेव, शेजारचे गॅरेजवाले, माना वर करून उभे. भागूबाई म्हणली, “पन्नास.” दादा, पन्नास तर तिची एक बाजू असंल. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. बोलले तर सोयरीक मोडती, नाय बोलले तर मान मोडती. माझी जीभ तुला ठावं आहे, तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्याला तोंडावर चिक्कू म्हणले ती मी. पण मंजी खाली उभी व्हती, हात जोडून. जीभ दातांखाली धरली.

“अन् तुझं?” हे वरडले.

भागूबाईनं जेवढं चोरलं त्याचा मनात अंदाज केला, ते माझ्यात मिळवलं अन् म्हणले, “शंभर.”

आमचा फिटर कडूबा म्हणला, “वहिनी, परत एकदा सांगा.” सांगितलं. हे म्हणले, “तरीच मला भाकर पुरत नाय.” पाव्हणे हसले. नवरदेव बी हसला. पोती चढवली, ब्रेक सोडला. रहाट आला तो सपाट्यानं, माझं काळीज वरच राहिलं. कडूबानं अन् गॅरेजवाल्यांनी दोराला लोंबकळून कसाबसा आवरला.

भागूबाई उतरली, लुगडं नीट केलं अन् सगळ्यांदेखत म्हणली, “विहीणबाई, भात कमी करा. लग्नात मिरवायचंय.” असा राग आला, की तिला परत वर बसवावी. पण दादा, विहीणबाई म्हणली ना ती.

तुमच्याकडच्या लेकरांचे मुके तूच घे.
तुझी द्वारका

ता.क. हे तेव्हापासून ब्रेक खोलून बसलेत. म्हणत्यात, वजन बरोबर असून रहाट सपाट्यानं आला, म्हंजे ब्रेकात खोट आहे. जत्रा तोंडावर आली, आप्पासाहेबांचा निरोप येऊन गेला, अन् इथं ब्रेक पोत्यावर पसरलाय. तू साखर कारखान्यातला फिटर, तुझंच ऐकतील. पैठणहून पहिली एस्टी धर, ब्रेक बघ अन् चांगला आहे म्हण. तो चांगलाच आहे.

ता.क. दुसरा. मला कसं ठावं, असं विचारशील. भागूबाईची चोरी मी अगदी बरोबर मिळवली व्हती. पण मिळवली ती माझ्या लग्नातल्या वजनात. हे ह्यांना सांगू नको.