फ्लक्स पुसायला हवा

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येणार का, असं तू विचारलंस आणि मी फोनवर "सगळं फ्लक्समध्ये आहे" म्हणालो. "मराठीत सांग, दीडशहाण्या," म्हणालीस. सांगतो. म्हणजे बदलतं, वाहतं, अजून न ठरलेलं.

आमच्या कामात मात्र फ्लक्स म्हणजे तांब्याच्या नळ्या जोडताना लावायचा लेप. त्याने वितळलेलं कथील सांध्यात नीट वाहतं. नंतर तो ओल्या फडक्याने पुसावाच लागतो, नाहीतर नळीच खातो.

ताई, न ठरलेलं काही नव्हतंच. रजा मिळाली होती. माझ्यासारखे सांधे कोण जोडणार, या ताठ्यात मीच ती नाकारली. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

आज रजा परत मागून घेतली. ऑपरेशनच्या आधी पोचतो. आई घाबरली आहे का? तिला यातलं काही बोलू नकोस. मीच समोर बसून सांगेन.

तुझा,
दीडशहाणा