शांतीला मिळालेला माहेरचा वारसा

पांढुर्णा

आदरणीय सुखदेवभाऊ,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे सासूबाईंचे दात आणि माझी बोटं सोडून. तुझी तब्येत विचारायला कितीदा फोन केला, पण तू काही उचलत नाहीस. वहिनी उचलते, "ते बगिच्यात गेले" म्हणते, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. (बगिचा घराच्या इतक्या जवळ कधी आला?) म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण वहिनी फाडू देणार नाही.

तू का रुसलास ते मला काल कळलं. आता पहिल्यापासून ऐक. पावसाळ्यापासून सकाळी माझी बोटं उघडेनाशी झाली. भाकरी थापायला बसावं तर पीठ तयार आणि हात रुसलेले. ऊन वर आलं की मात्र शहाण्यासारखे वागायला लागतात. तुझ्या भाऊजींनी मोहाचं तेल चोळून पाहिलं. घरभर वास सुटला आणि बोटं होती तशीच. शेवटी पल्लवीनं (पोरगी माझी, पण दटावते आईसारखी) आम्हा दोघांना नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी एकेक पेर दाबून पाहिलं, रक्त तपासलं, आणि त्यांचा काही अभ्यास चालू आहे म्हणून एक शिशी जास्तीची घेतली. निघाला आमवात. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसांना चावायला लागावा, तसं आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर उठतं म्हणे. आणि त्या जास्तीच्या शिशीत एक खूण सापडली. ती ज्यांच्या अंगात असते त्यांना हा आजार जडायचा धोका इतरांपेक्षा जास्त. बाई म्हणाल्या, हा आईबापाकडून आलेला वारसा आहे.

भाऊजींनी एवढ्या बोलण्यातला 'वारसा' तेवढा उचलला. परतीच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला. (ते फोनवर बोलतात तेव्हा खरं म्हणजे फोनची गरज नसते.) "अवो, शांतीले माहेरचा वारसा भेटला ना! रिपोर्टातच लिहून आलं!" आणि समोरच्या बाकावर नेमके आपल्या रामाकोन्याचे नत्थूजी बसलेले. बातमी रामाकोन्याला पोचेपर्यंत मी नागपूरचा वकील केला होता आणि तुझी संत्र्याच्या कलमांची अर्धी नर्सरी हिश्श्यात मोजून घेतली होती. इकडे सासूबाई शेजारणीला सांगतात, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा आणलं वो बाई इनं माहेरून काही!"

भाऊ, मला नर्सरी घेऊन काय करायचं आहे? जंबेरीच्या आणि संत्र्याच्या रोपातला फरक मला फळ लागल्यावर कळतो. तू मला इतकं ओळखत नाहीस याचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

मी बाईंना विचारलं, मग आमच्या घरात हे सगळ्यांनाच होणार का? त्या नाही म्हणाल्या. खूण असूनही कित्येकांना जन्मात काही होत नाही, आणि खूण नसतानाही काहींना होतं. पण अंगात खूण आणि वरून बिडीचा धूर, असं झालं की धोका फार वाढतो. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. माझा भाऊ सांगतो, संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या जंबेरीच्या खुंटाला डिंक्या रोग लवकर धरतो, पण बुंध्याशी पाणी साचू दिलं नाही तर झाड म्हातारं होईस्तोवर फळं देतं. बाई हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. आणि मी मनात म्हटलं, हा माणूस झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू देत नाही आणि स्वतःच्या छातीत धूर साचवतो.

बाबांची बोटं आठवतात का रे? कलमं बांधून बांधून वाकडी झाली, असंच आपण समजत होतो. विचारलं की ते म्हणायचे, "थंडीनं होते." शेवटी त्यांना गिलासही धरता येत नव्हता.

वहिनीला जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
शांता

ता. क. हिस्सा मात्र मी मागणार आहे. तुझ्या खिशातलं बिडीचं बंडल. अर्धं नको, सगळंच.

ता. क. दुसरा. वहिनीवर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. सकाळी तुझ्या सदऱ्याची बटणं ती लावून देते म्हणे. आणि कलमाचे डोळे बांधायचं काम तू नर्सरीतल्या गजेंद्रकडे दिलंस, नजर कमी झाली म्हणून. तुझ्या नजरेला काही झालेलं नाही. परवा सौंसरच्या बाजारात मला इतक्या लांबून ओळखून तू गल्लीत वळलास. बाई म्हणाल्या, लवकर औषध सुरू केलं तर सांधे वाचतात. मंगळवारी मी पुन्हा नागपूरला जाणार आहे. सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला ये, तिथून सोबत जाऊ. बटणं उघडी असली तरी चालतील.

ता. क. तिसरा. शांतीचं अक्षर इतकं सुरेख कधी झालं, असं तुला वाटलं असेल. ते पल्लवीचं आहे. मी सांगितलं, तिनं लिहिलं. सही तेवढी माझी. ती आधी नीट पाहा, आणि मग म्हण, थंडीनं होते.